दीर्घिकांतील तारकानिर्मितीचा विराम : एका प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

तारे कसे जन्मास येतात, या प्रश्नाने खगोलशास्त्राला दीर्घकाळ गुंतवून ठेवले आहे. ताऱ्यांचा जन्म थांबतो कसा आणि केव्हा, या प्रश्नाच्या वाट्याला मात्र तितके लक्ष आले नाही. समईतील ज्योत विझली की तेल संपले असावे असे गृहीत धरले जाते. तेल असतानाही ती विझली, तरच कोणी वाऱ्याचा शोध घेऊ लागतो. दीर्घिकांच्या बाबतीत असेच घडले. विसाव्या शतकाच्या मोठ्या कालखंडात ‘वायू संपला, म्हणून तारे निर्माण होणे थांबले’ हे स्पष्टीकरण इतके स्वाभाविक वाटत होते की, ते तपासून पाहण्याची निकड फार थोड्यांना भासली. पुढे निरीक्षणांनी दाखवून दिले की, ज्या महाकाय दीर्घिकांत नवे तारे जवळजवळ निर्माणच होत नाहीत, त्यांच्यापैकी कित्येकींभोवती वायूचे प्रचंड साठे आहेत. तेव्हापासून हा विराम म्हणजे केवळ एक अभाव राहिला नाही. कारण शोधावे लागेल अशी ती एक घटना ठरली.

प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. या इतिहासात दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले गेले. एखाद्या विशिष्ट दीर्घिकेतील तारकानिर्मिती बंद का पडते, हा एक प्रश्न. विश्वातील सर्व दीर्घिकांची मिळून होणारी तारकानिर्मिती गेल्या आठ-दहा अब्ज वर्षांत मंदावत का गेली, हा दुसरा. ‘इंधन संपले’ हे जुने उत्तर पहिल्या प्रश्नाला अपुरे पडले. परंतु दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात तेच उत्तर अलीकडे नव्या पुराव्यानिशी परत आले आहे, आणि तो पुरावा बऱ्याच अंशी पुणे जिल्ह्यातील खोडद येथून आला आहे.

रंग हेच घड्याळ

तारे थंड वायूपासून बनतात. हायड्रोजन वायूचे मेघ निरपेक्ष शून्याच्या वर काही दहा अंशांपर्यंत थंड झाले की, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने ते आकुंचन पावू लागतात. तप्त वायूचा दाब या आकुंचनाला विरोध करतो. म्हणून वायू असणे पुरेसे नाही, तो थंड असावा लागतो. एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांपैकी सर्वांत वजनदार तारे निळे, अतितेजस्वी आणि अल्पायुषी असतात. ते काही दशलक्ष वर्षांत संपतात. सूर्यासारखा तारा सुमारे १० अब्ज वर्षे टिकतो आणि त्याहून लहान, लालसर तारे त्याहूनही दीर्घकाळ. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेत नवे तारे होणे थांबले की, तिचा निळेपणा प्रथम ओसरतो आणि मागे पिवळसर-लाल प्रकाश उरतो. दीर्घिकेचा रंग हे अशा रीतीने एक घड्याळच आहे. मात्र ते वाचता येण्यास ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे ज्ञान आवश्यक होते आणि ते १९५० च्या सुमारासच पुरेसे परिपक्व झाले.

एडविन हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांचे लंबवर्तुळाकार आणि सर्पिल असे वर्गीकरण मांडले, तेव्हा हे ज्ञान उपलब्ध नव्हते. हबल यांनी लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ‘पूर्व’ आणि सर्पिल दीर्घिकांना ‘उत्तर’ प्रकारच्या असे संबोधले. ही नावे कालनिदर्शक नाहीत, असा खुलासा त्यांनी केला खरा. पण जेम्स जीन्स यांच्या सिद्धांताची छाया त्या क्रमावर होती आणि वाचकांनी त्यातून उत्क्रांतीचाच अर्थ काढला. आज ज्या दीर्घिका तारकानिर्मितीच्या दृष्टीने संपलेल्या मानल्या जातात त्यांनाच आरंभीच्या समजले गेले, हा या इतिहासातील पहिला विरोधाभास होय. नावे टिकली, खगोलशास्त्रज्ञ आजही लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ‘पूर्व प्रकारच्या’ म्हणतात आणि विद्यार्थी आजही गोंधळतात.

काळोखातील लॉस एंजेलिस

या घड्याळाचे पहिले वाचन युद्धकाळात झाले. वॉल्टर बाडे हे जर्मन नागरिक कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत काम करीत होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना युद्धविषयक संशोधनात स्थान नव्हते आणि सहकारी त्या कामासाठी गेल्यामुळे १०० इंची दुर्बीण त्यांना भरपूर वेळ मिळू लागली. त्यातच युद्धामुळे लॉस एंजेलिस शहराचे दिवे मंद केले गेले. १९४३ मध्ये लाल रंगाला संवेदनशील अशा काचपट्ट्या वापरून बाडे यांनी देवयानी दीर्घिकेचा गाभा आणि तिच्या एम ३२ व एनजीसी २०५ या सहचर दीर्घिका यांतील तारे प्रथमच सुटे सुटे टिपले. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनी ताऱ्यांचे दोन समुदाय सांगितले. सर्पिल भुजांमध्ये निळ्या, तेजस्वी ताऱ्यांचा पहिला समुदाय. गाभ्यात आणि लंबवर्तुळाकार दीर्घिकांत लालसर ताऱ्यांचा दुसरा. हा भेद प्रामुख्याने वयाचा आहे, हे पुढील दशकात गोलाकार तारकागुच्छांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा जन्म फार पूर्वी आटोपलेली ठिकाणे, ही कल्पना येथून रुजली.

कारणाचा पहिला गंभीर प्रस्तावही बाडे यांच्याच नावाशी जोडलेला आहे. १९५१ मध्ये लायमन स्पिट्झर आणि बाडे यांनी असे सुचविले की, दाट दीर्घिकासमूहांत दीर्घिका एकमेकींवर आदळत असाव्यात. तारे एकमेकांपासून इतके दूर असतात की, अशा टकरीत ते एकमेकांच्या मधून निघून जातात; वायूचे मात्र तसे होत नाही. तो मध्येच अडकतो, तापतो आणि दीर्घिकांच्या बाहेर फेकला जातो. उरते ती वायुहीन, म्हणून नवे तारे निर्माण करण्यास असमर्थ अशी दीर्घिका. ज्या तपशिलांवर हा प्रस्ताव आधारलेला होता, ते पुढे टिकले नाहीत. तरीही त्याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. वायू ‘संपला’ असे न म्हणता तो ‘काढून घेतला गेला’ असे येथे प्रथम म्हटले गेले. दीर्घिकेच्या भवितव्याला तिचा शेजार कारणीभूत असू शकतो, हा विचार या प्रस्तावाबरोबर आला आणि दोन दशके बहुतांशी पडून राहिला.

बिअट्रिस टिन्सले यांचा आक्षेप

१९६० च्या दशकातील विश्वरचनाशास्त्राला दीर्घिकांच्या इतिहासात फारसा रस नव्हता. त्याला हवी होती मोजपट्टी. ॲलन सँडेज यांच्यासारखे निरीक्षक दीर्घिकासमूहांतील सर्वांत तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा प्रमाण-दीप म्हणून उपयोग करीत होते, जेणेकरून विश्वाचा विस्तार किती वेगाने मंदावत आहे हे काढता यावे. त्यासाठी या दीर्घिकांचे तेज अब्जावधी वर्षांत फारसे बदललेले नाही, असे धरणे सोयीचे होते.

न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या बिअट्रिस टिन्सले (१९४१–१९८१) यांनी या सोयीलाच हात घातला. डॅलस येथे राहून ऑस्टिनमधील टेक्सास विद्यापीठात जा-ये करीत त्यांनी प्रबंध पूर्ण केला आणि १९६८ मध्ये त्यावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. ताऱ्यांच्या प्रत्येक पिढीचे आयुष्य, रंग आणि उरलेला वायू यांचा हिशेब मांडून संपूर्ण दीर्घिकेचे तेज व रंग काळानुसार कसे बदलतील, हे त्यांनी गणिताने काढले. ज्या दीर्घिकेत तारकानिर्मिती थांबली आहे तीही स्थिर राहत नाही, तिचे तेज सतत घटत जाते. म्हणून भूतकाळात तीच दीर्घिका अधिक तेजस्वी असली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष प्रमाण-दीपाच्या कल्पनेला धक्का देणारा होता. सँडेज यांनी त्याला विरोध केला. कालांतराने टिन्सले यांचीच बाजू खरी ठरली.

हा वाद वरकरणी मोजपट्टीचा होता. परंतु दीर्घिका ही इतिहास असलेली वस्तू आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले आणि ते झाल्यावाचून विरामाचा प्रश्न विचारताच आला नसता. टिन्सले यांना डॅलस येथे त्यांच्या योग्यतेचे पद मिळाले नाही. १९७४ मध्ये विवाहविच्छेद झाला आणि दोन दत्तक मुलांपासून दूर होऊन त्या येल विद्यापीठात गेल्या. १९७८ मध्ये त्या तेथे प्राध्यापक झाल्या आणि १९८१ मध्ये कर्करोगाने वयाच्या चाळिसाव्या वर्षी निवर्तल्या. येल येथील या सहा-सात वर्षांतच प्रस्तुत विषयातील एक मूलभूत निबंध लिहिला गेला. रिचर्ड लार्सन, टिन्सले आणि नेल्सन कॅल्डवेल यांनी १९८० मध्ये दाखविले की, सर्पिल दीर्घिकांतील वायू सध्याच्या गतीने वापरला गेला तर तो काही अब्ज वर्षांतच संपेल. विश्वाच्या वयाच्या तुलनेत हा काळ अल्प आहे. मग आज इतक्या दीर्घिका तारे निर्माण करताना दिसतात, त्या कशा? त्यांना बाहेरून सतत वायू मिळत असला पाहिजे. आणि दीर्घिकासमूहात शिरल्यावर दीर्घिकेभोवतीचे हे वायूचे आवरण हिरावले गेले, तर आतील साठा संपताच तिची तारकानिर्मिती हळूहळू थांबेल.

या युक्तिवादाने प्रश्न उलटा केला. थांबणे स्वाभाविक आणि चालू राहणे नवलाचे, असे आता दिसू लागले. दीर्घिका म्हणजे भरलेले कोठार नव्हे. पाट अडला की सुकणारे ते शेत आहे. या प्रक्रियेला इंग्रजीत पुढे जे नाव रूढ झाले त्याचा अर्थ ‘गळा आवळणे’ असा आहे. या शाखेची परिभाषा एकूणच गुन्हेवृत्तासारखी वाचते: गळा आवळणे, उपासमार, छळ, ‘लाल आणि मृत’. सर्वसमावेशक संज्ञा मात्र ‘क्वेंचिंग’ ही, म्हणजे लोहार तापलेले लोखंड पाण्यात बुडवतो ती क्रिया. मराठीत आग आणि तहान या दोहोंना लागू पडणारा ‘शमन’ हा शब्द तिला पर्याय म्हणून योग्य वाटतो आणि येथे पुढे तोच वापरला आहे.

शेजाराचा परिणाम

दरम्यान आकाशाचा क्ष-किरणांतील नकाशा तयार होऊ लागला होता. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून सोडलेल्या ‘उहुरू’ या उपग्रहाने दीर्घिकासमूहांकडून येणारे विस्तृत क्ष-किरण टिपले. दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसून कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरलेली आहे, असा त्याचा अर्थ होता. १९७२ मध्ये जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी दाखविले की, या वायूतून सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावणाऱ्या सर्पिल दीर्घिकेवर समोरून जो दाब पडेल, तो तिच्यातील वायू खरवडून काढण्यास पुरेसा आहे. वाऱ्यात धावणाऱ्याचे उपरणे मागे उडावे तसा हा वायू दीर्घिकेच्या मागे लांबवर ओढला जातो. अशा शेपटीवाल्या दीर्घिका पुढे प्रत्यक्ष सापडल्या आणि त्यांना ‘जेलीफिश’ हे नाव पडले. त्यांपैकी जेओ २०१ या दीर्घिकेच्या शेपटीत जन्मलेल्या तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ वेधशाळेने टिपला आहे.

१९७८ मध्ये हार्वे बुचर आणि ऑगस्टस ओम्लर यांनी दोन दूरच्या दीर्घिकासमूहांचे रंग मोजले. त्यांच्याकडून निघालेला प्रकाश येथे पोहोचण्यास चार ते पाच अब्ज वर्षे लागली होती. जवळच्या समूहांच्या गाभ्यात जवळजवळ सर्व दीर्घिका लाल असतात. या दोन समूहांत मात्र निळ्या दीर्घिकांचे प्रमाण लक्षणीय होते. अनेकांनी हा निष्कर्ष संशयाने पाहिला. समूहाच्या पुढेमागे असलेल्या असंबद्ध दीर्घिका चुकून मोजल्या गेल्या असतील, ही शंका रास्तही होती. वर्णपटांच्या साहाय्याने ती बऱ्याच अंशी दूर झाली. १९८३ मध्ये ॲलन ड्रेसलर आणि गन यांना अशा समूहात काही विलक्षण वर्णपट आढळले. त्यांत जुन्या ताऱ्यांच्या खुणांबरोबर सुमारे एक अब्ज वर्षांपेक्षा अधिक न जगणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा होत्या. पण अगदी नव्या ताऱ्यांची एकही खूण नव्हती. या दीर्घिकांत तारकानिर्मिती जोमाने चालू होती आणि खगोलीय दृष्टीने कालपरवा ती एकाएकी थांबली होती. शमनाची प्रक्रिया जणू रंगेहाथ पकडली गेली.

ड्रेसलर यांनीच १९८० मध्ये ५५ समूहांतील सुमारे ६,००० दीर्घिकांवरून दाखवून दिले होते की, शेजार जितका दाट तितके सर्पिल दीर्घिकांचे प्रमाण कमी. तथापि शेजाराने सारे स्पष्ट होत नव्हते. एकाकी असूनही लाल असलेल्या महाकाय दीर्घिका होत्याच.

वायू आहे, तरीही तारे नाहीत

खरी कोंडी झाली ती समूहांच्या केंद्रस्थानी. ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकासमूहाच्या मध्यभागी एनजीसी १२७५ ही महाकाय दीर्घिका आहे. तिच्याभोवतीचा तप्त वायू क्ष-किरणांच्या रूपाने ऊर्जा गमावतो. म्हणजे तो थंड होत गेला पाहिजे आणि केंद्राकडे वाहत आला पाहिजे. १९७७ मध्ये हा विचार दोन स्वतंत्र निबंधांतून मांडला गेला आणि अशा प्रवाहांना ‘शीतलन-प्रवाह’ हे नाव मिळाले. हिशेबाप्रमाणे अनेक समूहांत दर वर्षी शेकडो सूर्यांइतका वायू थंड व्हायला हवा होता. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांइतकेच तारे बनतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पण त्या प्रमाणात तारे कोठेच दिसत नव्हते. जवळजवळ वीस वर्षे हा वायू दृष्टीआड कोठेतरी साठत असावा, असे म्हणून वेळ निभावली गेली. २००१ मध्ये ‘एक्सएमएम-न्यूटन’ या उपग्रहाच्या वर्णपटांनी हा मार्ग बंद केला. विशिष्ट तापमानाच्या खाली गेलेला वायू जितका अपेक्षित होता त्याच्या अल्पांशानेही सापडला नाही. वायू थंड होत नव्हता, कारण त्याला कोणीतरी पुन्हा तापवत होते.

तापवणारा कोण, याचे चित्र ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीने दिले. सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांच्या नावाची ही दुर्बीण १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. एनजीसी १२७५ च्या केंद्रातील कृष्णविवराकडून निघालेल्या झोतांनी तप्त वायूत प्रचंड पोकळ्या निर्माण केल्या आहेत. त्यांची पहिली चिन्हे ‘रोसॅट’ उपग्रहाला १९९३ मध्येच दिसली होती. ‘चंद्रा’च्या चित्रांत त्या पोकळ्यांपासून बाहेर पसरणारे तरंगही अँड्र्यू फेबियन आणि सहकाऱ्यांना २००३ मध्ये दिसले. ते वास्तविक ध्वनितरंगच आहेत. त्यांचा स्वर पियानोच्या मध्यावरील स्वराच्या ५७ सप्तके खाली असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले आणि विज्ञानाच्या बातमीला क्वचित लाभणारी लोकप्रियता त्याला लाभली. महत्त्वाची गोष्ट स्वराची नव्हती. वायूचे थंड होणे रोखण्यास ही ऊर्जा परिमाणाने पुरेशी होती.

कृष्णविवराला या कथेत आणण्याची सैद्धांतिक तयारी आधीच झाली होती. जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी १९९८ मध्ये असा हिशेब मांडला होता की, वाढणाऱ्या कृष्णविवराची ऊर्जा दीर्घिकेतील वायू बाहेर फेकून देऊ शकते. २००० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की, केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान आणि दीर्घिकेच्या मध्यभागातील ताऱ्यांच्या गती यांत घट्ट संबंध आहे. २००६ पर्यंत संगणकीय प्रतिकृतींत या ऊर्जेचा समावेश रूढ झाला आणि त्याबरोबर एक जुने दुखणे बरे झाले. तोपर्यंतच्या प्रतिकृतींत महाकाय दीर्घिका वास्तवापेक्षा फार मोठ्या आणि फार निळ्या निघत असत.

येथे सावधगिरीची आवश्यकता आहे. प्रतिकृतीला ज्या गोष्टीची गरज आहे ती गोष्ट निसर्गात घडते असे मानण्याचा मोह मोठा असतो. एके काळी ‘वायू संपला’ हे उत्तर ज्या सहजतेने दिले जात असे, त्याच सहजतेने आता ‘कृष्णविवरामुळे’ असे म्हटले जाते. झोत तप्त वायूला थंड होऊ देत नाहीत, याचा पुरावा समूहांच्या केंद्रस्थानी भक्कम आहे. म्हणजे विझलेली दीर्घिका विझलेली कशी राहते, हे बऱ्याच अंशी कळले आहे. ती पहिल्यांदा विझली कशी, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा पुरावा अधिक विरळ आहे.

दोन गट आणि मधली दरी

न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथील अडीच मीटरच्या दुर्बिणीने २००० पासून सुरू केलेल्या ‘स्लोन’ सर्वेक्षणाने या विषयाला आकडेवारीची शिस्त लावली. २००१ मध्ये इस्क्रा स्ट्राटेव्हा आणि सहकाऱ्यांनी १,४७,९२० दीर्घिकांचे रंग मांडले, तेव्हा आलेखावर दोन स्वतंत्र उंचवटे उमटले, एक निळा व एक लाल, आणि मधला भाग विरळ. पुढे या मधल्या भागाला ‘हिरवी दरी’ म्हटले जाऊ लागले. ‘हिरवी’ हे केवळ वर्णपटातील स्थान होय, त्या दीर्घिका हिरव्या दिसत नाहीत. दरी विरळ आहे याचा एक सरळ अर्थ असा की, निळ्याकडून लालकडे जाण्याचा काळ तुलनेने अल्प असावा. २००३ मध्ये गिनेव्रा कॉफमन यांच्या गटाने दाखविले की, ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३० अब्ज पटींच्या पुढे गेले की, दीर्घिका प्रामुख्याने जुन्या ताऱ्यांच्या असतात. २०१० मध्ये यिंगजी पेंग आणि सहकाऱ्यांनी शमनाचे दोन घटक वेगळे काढले. एक दीर्घिकेच्या स्वतःच्या वस्तुमानाशी निगडित, दुसरा तिच्या शेजाराशी; आणि हे दोन्ही परिणाम सांख्यिकीय दृष्ट्या एकमेकांपासून स्वतंत्र आढळले. स्पिट्झर-बाडे यांच्या परंपरेतील शेजार आणि झोतांच्या बाजूने बोलणारे वस्तुमान, दोघांनाही आपापली जागा मिळाली. मात्र वस्तुमान हे कारण नव्हे; ते कारणाचे लक्षण आहे, याचा विसर पडू देणे योग्य नाही.

खोडदचा पुरावा

आता दुसरा प्रश्न. १९९६ मध्ये सायमन लिली यांच्या गटाने आणि त्याच वर्षी पिएरो मदाउ यांच्या गटाने विश्वातील एकूण तारकानिर्मितीचा काळानुसार आलेख रचण्यास प्रारंभ केला. मदाउ यांना आधार होता तो हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये आकाशाच्या एका इवल्याशा तुकड्याकडे दहा दिवस रोखून पाहून घेतलेल्या छायाचित्राचा. आलेख पुढे सुधारत गेला. २०१४ मधील आढाव्यानुसार महास्फोटानंतर सुमारे साडेतीन अब्ज वर्षांनी तारकानिर्मिती शिगेला पोहोचली होती आणि तेव्हाचा दर आजच्या सुमारे नऊपट होता. त्यानंतर उतरण. ही उतरण केवळ विझलेल्या दीर्घिकांमुळे नाही. ज्या दीर्घिका आजही तारे निर्माण करतात त्यांचाही वेग मंदावला आहे.

का मंदावला, हे कळण्यासाठी वायू मोजणे भाग होते. रेणुरूप वायूचे मापन फ्रान्समधील आल्प्स पर्वतावरील दुर्बिणींनी २०१० च्या सुमारास दिले आणि पूर्वीच्या दीर्घिकांत तो आजच्यापेक्षा कित्येक पट असल्याचे दिसले. परंतु मूळ साठा असतो तो अणुरूप हायड्रोजनचा. त्याची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेषा हेंड्रिक व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, म्हणजे बाडे यांचे निबंध प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, भाकीत केली होती आणि १९५१ मध्ये ती प्रत्यक्ष सापडली. ही रेषा अत्यंत क्षीण आहे. दूरच्या एकट्या दीर्घिकेकडून ती टिपणे अशक्यप्राय असते.

नारायणगावजवळील खोडद येथे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. दूरच्या हायड्रोजनचा शोध हा तिच्या उभारणीमागील प्रमुख हेतूंपैकी एक होता. दुर्बिणीच्या ग्राहकयंत्रणेचे आधुनिकीकरण झाल्यावर आदित्य चौधरी, निस्सीम कानेकर आणि जयराम चेंगलूर यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील शिव सेठी व के. एस. द्वारकानाथ यांच्यासह एक वेगळी युक्ती वापरली. ज्यांची अंतरे आधीच मोजलेली आहेत अशा ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत योग्य त्या वारंवारितेवर आणून त्यांनी एकत्र रचले. एकेका दीर्घिकेचा आवाज ऐकू येत नव्हता. हजारोंचा मिळून सरासरी सूर मात्र लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधानुसार, सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या या दीर्घिकांत सरासरी १२ अब्ज सूर्यांइतका अणुरूप हायड्रोजन होता. साठा मोठा होता. पण खर्चही मोठा होता. त्या वेगाने तो एक ते दोन अब्ज वर्षांत संपला असता. आजच्या दीर्घिकांना आपला साठा याच्या कितीतरी पट अधिक काळ पुरतो. बाहेरून येणारा वायू हा खर्च भरून काढण्यास अपुरा पडला, म्हणून विश्वातील तारकानिर्मिती उतरणीला लागली, असा अर्थ संशोधकांनी लावला. गोविंद स्वरूप यांचे निधन सप्टेंबर २०२० मध्ये, या प्रकाशनाच्या जेमतेम पाच आठवडे आधी झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून अधिक तासांच्या विस्तृत निरीक्षणांनी ११,४१९ दीर्घिकांवरून हे चित्र पक्के केले.

लार्सन, टिन्सले आणि कॅल्डवेल यांनी १९८० मध्ये जवळच्या दीर्घिकांच्या आधारे केलेला युक्तिवाद येथे चाळीस वर्षांनी, आठ अब्ज वर्षे मागे जाऊन, मोजमापाने पुढे नेला गेला. पाट आटत गेला की, शेत सुकते. एखाद्या महाकाय दीर्घिकेच्या दारात पाणी असूनही शेत सुकते ते का, याचे उत्तर मात्र खोडदच्या आकड्यांत नाही आणि ते तेथे शोधूही नये.

फार लवकर विझलेल्या दीर्घिका

डिसेंबर २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीने हा पहिला प्रश्न अधिकच तीव्र केला आहे. प्रचलित चित्रात शमनाला वेळ लागतो: कृष्णविवर वाढावे लागते, भोवतालचा वायू तापावा लागतो. २०२३ मध्ये ॲडम कार्नल आणि सहकाऱ्यांनी जीएस-९२०९ या दीर्घिकेचा वर्णपट प्रसिद्ध केला. महास्फोटानंतर सव्वा अब्ज वर्षांनी ती जशी होती तशी आज दिसते. तोपर्यंत तिने आपल्या आकाशगंगेशी तुलना करता येईल इतके, म्हणजे सुमारे ४० अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे तारे बनविले होते, आणि त्यानंतर सुमारे ४५ कोटी वर्षे जवळजवळ काहीच केले नव्हते. तिच्या केंद्रात सूर्याच्या सुमारे ५० कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याच्या खुणा आहेत. संशय पुन्हा त्याच दिशेने जातो. २०२४ मध्ये फ्रान्चेस्को द’युजेनियो यांच्या गटाने जीएस-१०५७८ या, महास्फोटानंतर सुमारे दोन अब्ज वर्षांनी दिसणाऱ्या दीर्घिकेतून थंड, उदासीन वायू वेगाने बाहेर जात असल्याचे दाखविले. उरलेल्या तारकानिर्मितीत जितका वायू खर्च होतो त्याहून अधिक तो बाहेर चालला आहे. पूर्वीच्या दुर्बिणींना बहिर्वाहाचा तप्त आणि तेजस्वी भाग दिसे. तारे ज्यापासून बनतात तो थंड भागच हिरावला जात असल्याचा इतका थेट पुरावा इतक्या दूरवरून क्वचितच मिळाला होता.

आणखी दूरची एक लहानशी दीर्घिका टोबियास लूझर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये नोंदविली. महास्फोटानंतर अवघ्या ७० कोटी वर्षांच्या काळातील ही दीर्घिका. तिच्यातील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान आकाशगंगेच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही नाही. तिच्या वर्णपटानुसार तारकानिर्मिती थांबून तेव्हा एक-दोन कोटी वर्षेच लोटली होती. तिच्यासारख्या लहान दीर्घिकेत अतिनवताऱ्यांचे स्फोट वायूला तात्पुरते बाहेर ढकलू शकतात आणि तो पुन्हा आत येऊन तारे पुन्हा बनू लागू शकतात. पृथ्वीवर पोहोचलेला प्रकाश त्या एका क्षणाचा आहे. त्यानंतरच्या १३ अब्ज वर्षांत ती दीर्घिका विझलेलीच राहिली की पुन्हा पेटली, हे त्या प्रकाशात लिहिलेले नाही.